पहिल्या नंबरची गॅरंटी विकत घेऊ नका, आठ दिवस स्वतः एसईओ शिका



मागच्या आठवड्यात केदारखेड्याहून मोसंबीची नर्सरी चालवणाऱ्या एका तरुणाचा फोन आला. "सर, एक जण महिन्याला तीन हजारांत आपली वेबसाइट गुगलच्या पहिल्या नंबरला आणून देतो म्हणतोय. गॅरंटी देतोय. देऊ का?"

मी म्हटलं, थांब. कारण ही ठेच मी स्वतः खाल्लीय. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीला मी सहा महिने पैसे भरले. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, वर मोठ्या अक्षरात 'पहिला क्रमांक'. नंतर नीट बघितलं तर हा पहिला नंबर कशासाठी? माझ्याच क्लासच्या नावासाठी! अहो, ज्याला माझं नाव माहीत आहे तो मला शोधून काढणारच की. नवीन गिऱ्हाईक एकही आलं नाही.

गुगलने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. चांगलं काम करणाऱ्यालाही फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही त्यांनीच सांगितलंय. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्राथमिक एसईओ स्वतः शिका. पुढे माणूस लावायचा तर जरूर लावा, पण मग तो काय करतोय हे तुम्हाला कळेल तरी.

आणि त्यात जादू काही नाही. गुगलचा प्रोग्राम तुमचं पान वाचतो, साठवून ठेवतो आणि कोणी काही शोधलं की त्याला जुळणारी पानं पुढे करतो. म्हणजे गिऱ्हाईक जे टाइप करतो ते तुमच्या पानावर लिहिलेलं पाहिजे. इतकं साधं. पण चुकतं नेमकं इथेच.

या नर्सरीवाल्याची वेबसाइट मी उघडली. वर 'आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे', खाली 'क्वालिटी हाच आमचा ध्यास', आणि बाकी सगळी माहिती एका बॅनरच्या फोटोत. फोटोतली अक्षरं म्हणजे गुगलसाठी पक्का मजकूर नव्हे. मी विचारलं, शेतकरी फोनवर तुला काय विचारतात? तो धडाधड बोलायला लागला. न्यूसेलर आहे का काटोल गोल्ड? कलम रंगपूर खुंटावर बांधलंय का जंबेरीवर? एकरी किती रोपं लागतील? गाडीभाडं कोणाकडे?

म्हटलं, झालं की तुझं एसईओ! एकेका प्रश्नाचं एकेक पान कर. पानाच्या शीर्षकात तोच प्रश्न, खाली सरळ उत्तर. सहा बाय सहा मीटरवर लावलं तर एकरी साधारण ११० रोपं बसतात, हे तुला तोंडपाठ आहे. मग साइटवर का नाही?

शब्दांचीही गंमत बघा. कोणी 'रोप' लिहितो, कोणी 'कलम'. कोणी मराठीच पण इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. २०२३ मध्ये औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण शोधणारे दोन्ही नावं टाकतात. तिकडे माल पाठवत असाल तर वाक्यात दोन्ही सहज येऊ द्या. सहज म्हणतोय बरं का. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा 'मोसंबी रोपे' लिहून ठेवणं ही फसवणूक गुगल ओळखतो. आणि अजूनही कोणी 'कीवर्ड टॅग भरून देतो' म्हणून पैसे मागितले, तर त्याला सांगा की क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

आता एक गोष्ट काहींना आवडणार नाही. तुमचं गिऱ्हाईक भोकरदन, राजूर एवढ्यातलंच असेल, म्हणजे मोटार रिवाइंडिंग, पिठाची गिरणी, मंडप, तर वेबसाइट नंतर बघू. आधी गुगल बिझनेस प्रोफाइल भरा. फुकट आहे. जवळचं दुकान दाखवताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतो: शोधलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि तुमची ओळख किती. म्हणून कामाचा प्रकार, नकाशावरची खूण, वेळ, फोन नंबर बिनचूक ठेवा. दुकानाच्या नावात गावांची यादी घुसडू नका, ते नियमात बसत नाही. मात्र या प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकटच्या वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांची पंचाईत झाली.

नर्सरीवाल्याचं तसं नाही. त्याची रोपं दुसऱ्या जिल्ह्यांत जातात, त्याला स्वतःच्या डोमेनवर साइट हवीच. त्याला सर्च कन्सोल जोडून दिलंय, तेही फुकटच. लोक काय टाइप केल्यावर आपली साइट दिसली हे त्यात कळतं.

'एकरी किती रोपं' हे पान त्याने रविवारी मोबाइलवरच लिहिलं, छान लिहिलंय. आता आमचा वाद एकाच गोष्टीवर अडलाय: रोपाचा भाव पानावर टाकायचा का नाही? तो म्हणतो शेजारचा नर्सरीवाला बघेल. मी म्हणतो, शेजारच्याला तुझा भाव कधीच माहीत झालाय, माहीत नाही तो फक्त गिऱ्हाईकाला. पण गडी अजून ऐकत नाहीये.