इंजिन बदला, पण जुन्या वायरी कापू नका

१/
कर्वेनगरातल्या जुन्या सोसायट्यांच्या वाहनतळात, एखाद्या कोपऱ्यात, कापडी आवरणाखाली पडून असलेली प्रीमियर पद्मिनी अजूनही दृष्टीस पडते. आजोबांची गाडी, विकवत नाही आणि रोज चालवताही येत नाही. मग नातवंडांपैकी कोणीतरी ठरवते की जुने इंजिन उतरवून नवे बसवायचे. कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, यावर महिनोन् महिने खल होतो. वायरी कशाने जोडायच्या, हा प्रश्न मात्र अखेरच्या दिवशी, वायरमनच्या हातात पक्कड आल्यावर उपस्थित होतो. हा धागा त्या उशिरा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाविषयी.

२/
आधी तारखा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना कुर्ल्याचा. फियाटच्या परवान्याने तिथे 'अकराशे' तयार होऊ लागली. १९६४ पासूनची 'डिलाइट' ही तिचीच पुढची आवृत्ती आणि १९७४ पासूनची 'पद्मिनी' म्हणजे तीच गाडी नव्या नावाने. म्हणजे पहिल्या पद्मिनींनी २०२४ साली पन्नाशी गाठली.

३/
पन्नाशी महत्त्वाची अशासाठी की २०२१ साली केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय, शिवाय गाडी मूळ स्वरूपात जतन केलेली असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ज्या वर्षांत पद्मिनी या दर्जास पात्र होऊ लागली, त्याच वर्षांत तिची इंजिने बदलण्याची हौसही बहरावी, हा योग विचित्र आहे.

४/
नियमाच्या अटीत तीन गोष्टींची नावे आहेत, चौथीचे नाही : विजेच्या वायरींचा संच, ज्याला बाजारात सर्रास 'हार्नेस' म्हणतात. इंजिन बदलले तर ते नोंदणी पुस्तकावरून उघड होते. हार्नेस कापला तर कोणालाच कळत नाही. पण उतरवलेले इंजिन तेल लावून, गुंडाळून ठेवता येते आणि दहा वर्षांनी परत बसवता येते. कापलेला हार्नेस परत मिळत नाही. परतीची वाट बंद होते ती इथे.

५/
यावर शुद्धतावाद्यांचे उत्तर ठरलेले आहे : इंजिन बदलूच नये. हे मत आदरणीय असले तरी भारतीय मोटारींच्या इतिहासाशी जुळणारे नाही. १९८५ च्या प्रीमियर ११८ एनईचा सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निसानचे; नावातल्या 'एन' आणि 'ई'चा अर्थच निसान इंजिन. मॉरिस ऑक्सफर्डची वंशज असलेल्या ॲम्बॅसडरला पुढे इसुझूचे इंजिन मिळाले. महिंद्रांच्या जीपमध्ये अमेरिकन घडणीच्या पेट्रोल इंजिनाची जागा फ्रेंच पेजोच्या डिझेल इंजिनाने घेतली. कारखान्यांनी हे केले ते अधिकृत. तेच काम गावोगावच्या गॅरेजांनी वडापच्या जीपवर केले तर तो जुगाड, असा भेद इतिहासाला करता येणार नाही.

६/
मग त्या पिढीला कनेक्टरचा प्रश्न का पडला नाही? कारण त्या डिझेल इंजिनांना वायरी जवळजवळ लागतच नसत. इंधनपंप यांत्रिक. स्टार्टरची जाड केबल, चार्जिंगची वायर, ग्लो प्लगची एक, तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या दोन. बंद करायला तर अनेक गाड्यांत ओढायची तारच असे. पाच-सहा जोडांचे काम. पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळली तरी गाडी वर्षानुवर्षे धावे. पिळ्याची सवय तिथून आली आणि त्या काळात ती फारशी चुकीचीही नव्हती.

७/
चित्र पालटले ते धुराच्या नियमांनी. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० साली देशभर 'इंडिया २०००' ही मानके आली. कार्ब्युरेटर मागे पडला, इंधन-इंजेक्शन आणि त्याचा संगणक म्हणजे ईसीयू आला. कार्ब्युरेटरवाल्या पद्मिनीचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले. आज पद्मिनीत बसवायला जे इंजिन शोधले जाते, ते जिप्सी किंवा ईकोसारख्या, मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीचे असते. आणि त्याच्यासोबत डझनावारी वायरींचा जुडगा येतो.

८/
इथे थोडे थांबायला हवे, कारण सारे मर्म इथे आहे. ६० वॅटच्या हेडलाइटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो. वाटेतला पितळी जोड थोडा गंजला आणि ०.२ व्होल्टची गळती झाली, तर दिवा किंचित मंद होईल. डोळ्यांना कळणारही नाही. पण ऑक्सिजन सेन्सरचा सगळा संदेश ०.१ ते ०.९ व्होल्टच्या पट्ट्यात मावतो. तिथे ०.२ व्होल्ट हरवणे म्हणजे वाक्यातला 'न' गळून पडणे. अर्थ उलटा होतो. मिश्रणात इंधन कमी असताना संगणकाला ते पुरेसे भासते किंवा याच्या उलट घडते. गाडी धूर ओकते, मध्येच धक्के देते, आणि दोष इंजिनाच्या माथी मारला जातो.

९/
शिवाय मोठा प्रवाह जोडावरचा ऑक्साइडचा पातळ थर भेदून जाऊ शकतो. सेन्सरच्या मिलिअँपिअरमध्ये ते बळ नसते. म्हणूनच नव्या इंजिनाच्या कपलरमध्ये टिनचा, काही ठिकाणी सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना असतात आणि पाणी अडवायला सिलिकॉनच्या रिंगा. सोन्याची पिन टिनच्या खोबणीत बसवू नये, हाही नियम त्यातलाच. दोन धातूंच्या घर्षणाने तो जोड लवकर बिघडतो.

१०/
आता जुन्या बाजूकडे. ॲम्बॅसडरचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे, कारण तिची वीजव्यवस्था ब्रिटिश लुकास पद्धतीची. वायरीच्या टोकाला पितळेची गोळी, ती रबरी नळीतल्या धातूच्या बाहीत दाबून बसवायची. हा 'बुलेट' जोड. वायरींचे रंगही ठरलेले : तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे फ्यूजमधून आलेली, काळी म्हणजे अर्थिंग. ज्याला ही लिपी येते, त्याला आराखड्याचा कागद नसतानाही गाडी वाचता येते. फियाटची लिपी वेगळी, पण लिपीच.

११/
पुण्यात पेशवे दप्तर पाहिलेल्या कोणालाही ही तुलना पटावी. मोडी कागद फाटला तर त्याला चिकटपट्टी लावत नाहीत. पातळ कागद आणि खळ वापरतात, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. दुरुस्ती उलटवता आली पाहिजे, हे जतनशास्त्राचे जुने सूत्र आहे. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने, 'फीवा'ने, २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही मोटारींकडे असाच सांस्कृतिक वारसा म्हणून पाहिले आहे. तपकिरी वायर मध्ये कापून तिला हाती लागलेला लाल तुकडा जोडणे म्हणजे मोडी ओळीवर बॉलपेनने गिरवणे.

१२/
तेव्हा कनेक्टर निवडताना पहिला प्रश्न 'कोणत्या कंपनीचा?' हा नसून 'सीमा कुठे?' हा असावा. जुना हार्नेस जिथे संपतो तिथपर्यंत जुन्याच पद्धतीचे जोड. नवे इंजिन जिथे सुरू होते तिथून त्याचे स्वतःचे कपलर. आणि दोहोंमध्ये नव्याने बनवलेला एक छोटा दुवा. त्या दुव्याच्या एका टोकाला जुन्या बाहीत बसणारी गोळी किंवा पाते, दुसऱ्या टोकाला पाणीबंद कपलर. कापाकापी करायची ती फक्त या दुव्याच्या वायरींची.

१३/
हे वाटते तितके अवघड नाही, कारण दोन्ही बाजू फार थोड्या ठिकाणी भेटतात : चावीची वायर, स्टार्टरचा इशारा, चार्जिंगचा दिवा, तापमान, तेलाचा दाब, इंधनपंप. ईसीयूपासून सेन्सरपर्यंतच्या वायरींनी जुन्या हार्नेसला स्पर्श करण्याचे कारणच नाही. त्यासाठी नाना पेठेतून किंवा भंगारवाल्याकडून इंजिन घेताना त्याचा हार्नेस ईसीयूसकट, अखंड घ्यावा. इंजिन उचलायची घाई म्हणून विक्रेता वायरी कचाकच कापून देतो. तिथे थोडे पैसे जास्त मोजणे शहाणपणाचे.

१४/
दुव्यासाठी बाजारात मिळणाऱ्यांपैकी सुपरसील किंवा डॉइच डीटी जातीचे कपलर योग्य. डीटीची नेहमीची पिन १३ अँपिअरपर्यंतची, म्हणजे इशाऱ्यांना आणि इंधनपंपालाही पुरेशी. स्टार्टर आणि अल्टरनेटरच्या मुख्य केबलला मात्र कपलर नको. तिथे गोल लग आणि नट-बोल्टच. जुन्या डायनॅमोची चार्जिंग वायर नव्या अल्टरनेटरला लावू नये. अल्टरनेटर कितीतरी अधिक प्रवाह देतो, वायर तापते. तिची टोके बंद करून ती जागच्या जागी राहू द्यावी. आणि इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी जाड असावी. निम्मे 'सेन्सरचे बिघाड' तिथेच सापडतात.

१५/
डाग की दाब, हा वाद जुनाच आहे. डागलेला जोड पक्का वाटतो, पण कथिल वायरीच्या धाग्यांत वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने नेमका तिथेच तुटतो. नीट दाबलेल्या जोडात हे होत नाही. ही दाबजोडणी रूढ केली ती दुसऱ्या महायुद्धाने : १९४१ साली स्थापन झालेली अमेरिकेतली 'एएमपी' कंपनी विमानांसाठी न डागता दाबून बसवायचे लग करी. मात्र त्यासाठी त्या पिनेचे खास अवजार हवे. साध्या पकडीने दाबलेली पिन ही नीट डागलेल्या जोडाहूनही वाईट.

१६/
(जाता जाता : पाणीबंद कपलरांपैकी 'वेदर-पॅक' हे नाव पॅकार्ड इलेक्ट्रिकचे. संस्थानिकांच्या आवडत्या पॅकार्ड मोटारी ज्या बंधूंनी काढल्या, त्यांचीच ही १८९० ची वायरींची कंपनी. मोटारी कधीच बंद पडल्या, कपलर उरले.)

१७/
एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. पन्नास वर्षांच्या वायरीचे आवरण वाकवताच तडकत असेल, तर तिच्यातून वीज खेळवणे म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे इतिहासप्रेम आवरावे. जुना हार्नेस अखंड उतरवावा, त्याच्याच लांबीचा आणि त्याच रंगांचा नवा बांधून घ्यावा, जुना खोक्यात ठेवावा. महाग पडते, हे खरे. वायरमनला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याला एका दिवसाच्या कामाचे पैसे मिळतात आणि एका दिवसात जे होते ते तो करतो. वेळ द्यायचा तो मालकाने.

१८/
कायद्याची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलणे ही घरगुती बाब नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मुभा नसल्याचे स्पष्ट केले. आरटीओची मंजुरी मिळेल की नाही, ते इंजिन उतरवण्याआधी विचारावे. मंजुरी नाकारली गेली तर परत फिरावे लागते, आणि कापलेल्या हार्नेसची किंमत त्या दिवशी समजते.

१९/
कर्वेनगरला हे काम परके नाही. १९९१ साली सुरू झालेले मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय इथलेच. १९६२ च्या किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना शेजारच्या कोथरूडचा. वाहनांची चाचणी घेणारी, १९६६ ची एआरएआय संस्था वेताळ टेकडीवर. पद्मिनीच्या एका अखंड हार्नेसचा रंगांसह, जोडांसह, मोजमापांसह मराठी आराखडा काढणे हा एका सत्राचा विद्यार्थी-प्रकल्प होऊ शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ज्यांच्यावरून आराखडा काढता येईल अशा न कापलेल्या गाड्या यापुढे कमीच होणार.

२०/
तोवर ज्यांच्या वाहनतळात कापड काढले गेले आहे, त्यांच्यासाठी एवढेच : हार्नेसचे पहिले टोक सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे आणि टोकाला कापडी पट्टी बांधून त्यावर नाव लिहावे. दुव्याचा आराखडा दोन प्रतींत काढावा. एक गाडीच्या कप्प्यात, दुसरी उतरवलेल्या इंजिनासोबत. त्या इंजिनाच्या सिलिंडरांत तेल सोडून स्पार्क प्लग परत लावून ठेवावेत. आणि जुन्या बाह्या, गोळ्या, रबरी नळ्या एका पुडीत बांधून ती इंजिनाच्याच दांडीला अडकवावी.