विश्लेषण : कोकणातल्या ज्यूंनी एकच घर का निवडायचे?

इस्रायलमधील दिमोना, बीरशेबा, अश्दोद आणि लोद या शहरांत पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे सहज सापडतात. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघते. ही मंडळी मूळची कोकणातली, बेने इस्रायल समाजाची. यातील अनेक घरांत आजी-आजोबा रायगड किंवा ठाण्यात आणि नातवंडे इस्रायलमध्ये, असे चित्र आहे. अशा कुटुंबाचे खरे घर कोणते?

हा समाज कोकणात कसा आला?

जहाज फुटून वाचलेली सात जोडपी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागली, असे समाजाची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. भाषा मराठी झाली, धर्म मात्र टिकला.

मग ते गेले का?

त्यांना कोणी हाकलले नव्हते, हे इथे महत्त्वाचे. 1948 मध्ये इस्रायल स्थापन झाले. 1950 च्या 'परतीच्या कायद्या'ने जगभरातील ज्यूंना तिथे नागरिकत्वाचा हक्क दिला. धर्माची ओढ, आधी गेलेले नातेवाईक आणि नोकरीची आशा यांमुळे बहुतेक कुटुंबे गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल सुमारे 20 हजार होते. आज संपूर्ण भारतातच पाच हजारांच्या आसपास ज्यू उरले आहेत.

तिथे स्वागत झाले का?

पूर्णपणे नाही. भेदभावाला कंटाळून काहींनी आंदोलन केले आणि 1952 मध्ये ते भारतात परतले. पुढे त्यातले अनेक पुन्हा इस्रायलला गेले. 1960 च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. मोठ्या निदर्शनांनंतर 1964 मध्ये ते मागे घ्यावे लागले.

कायदा काय म्हणतो?

इस्रायलला परतणाऱ्या ज्यूंनी जुने नागरिकत्व ठेवले तरी चालते. भारतात मात्र स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळू शकते ते 'ओसीआय' कार्ड. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

मग मार्ग कोणता?

दुहेरी नागरिकत्वाला सरसकट होकार देणे सोपे नाही. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची आहे आणि परक्या सैन्यात शपथ घेणाऱ्याबाबत भारताने विचार करणे रास्तच आहे. पण म्हातारपणी परत येऊ पाहणाऱ्यांसाठी वाट सोपी करता येईल. ओसीआयधारकाला पाच वर्षांनंतर, शेवटचे वर्ष भारतात राहून, नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी दुसरे नागरिकत्व मात्र सोडावे लागते, म्हणजे मुलांच्या देशाशी असलेले कायदेशीर नाते तोडावे लागते. निदान ज्येष्ठांसाठी तरी ही अट शिथिल करण्यावर चर्चा व्हायला हवी.

महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण जे इथेच राहिले, त्यांना इस्रायल सरकारच्या प्रत्येक निर्णयाचा जाब विचारला जाऊ नये, हेही तितकेच गरजेचे आहे. ते अलिबागचे किंवा ठाण्याचे नागरिक आहेत. तिकडे नातवंडे असली म्हणून इथला हक्क कमी होत नाही.