पिंजरा, पत्रा आणि चासी

गाडीला रोल केज लावलाय म्हणून ज्यांची छाती फुगली आहे, त्यांनी एकदा गाडीखाली आडवं पडून वर बघावं. मी पडलो होतो. टोकावड्यात, चहाच्या टपरीसमोर, भर पावसाळ्यात, एकुलत्या एका धुतलेल्या टी-शर्टसकट.

झालं असं की मित्राने त्याच्या २०१४ च्या थारला नवा कोरा पिंजरा बसवून घेतला होता. काळे कुळकुळीत पाइप, वर दिवे लावायला पट्टी, एकदम झकास. माळशेजला निघालो तर कल्याण सोडल्यापासून मागून टक-टक आवाज. मुरबाड गेलं, आवाज वाढला. टोकावड्यात तो म्हणाला, "तू मेकॅनिकलवाला ना? बघ की जरा." (मेकॅनिकल करून आयटीत गेलेल्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर पुरतं. असो.)

खालून पाहिलं तर पिंजऱ्याचे पाय थेट मजल्याच्या पत्र्यावर. पत्र्याखाली नट, आणि नटाला रुपयाच्या नाण्याएवढा वॉशर. एका वॉशरभोवती पत्र्याला केसाएवढी चीर पडलेली. आणि तिथून जेमतेम वीतभर अंतरावर चासीची जाडजूड पट्टी, जिला पिंजऱ्याचं कोणी नावही सांगितलं नव्हतं!

आता जरा हिशोब. गाडी उलटली की तिचं सगळं वजन, वर आपटण्याचा जोर, पिंजऱ्यातून पायांत उतरतं. ४५ मिमी व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा पाइप घ्या. त्याच्या कडेचं क्षेत्रफळ होतं जेमतेम ३.३ चौरस सेंटिमीटर. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतात, तसा हा पाइप पत्र्यातून आरपार जातो. पाइप शाबूत, पत्रा गेला, छप्पर डोक्यावर. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयएचे नियम मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिमी जाड पोलादी प्लेट मागतात, आणि किमान तीन बोल्ट, एम-८ चे, ८.८ दर्जाचे. ३.३ आणि १२०. छत्तीस पट फरक. आणि पाइप कोणता, तर सीमलेस. नळाच्या पाण्याचा जीआय पाइप नव्हे, जो आपल्याकडे सर्रास वाकवून लावतात.

पण थारसारख्या गाडीत प्लेट टाकूनही प्रश्न संपत नाही. इथे खाली शिडीसारखी चासी असते आणि बॉडी तिच्यावर रबराच्या माउंटवर बसवलेली असते. खडकाळ वाटेवर चासी पिळते, बॉडी रबरावर आपली वेगळी हलते. पिंजरा फक्त बॉडीला धरला तर तो पत्र्याच्या भरवशावर. चासी आणि बॉडी दोघींना कडक जखडला तर रबराचं काम बंद, आणि काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेने बॉडी फाटायला लागते. मधला मार्ग आहे: मजल्याच्या वर-खाली प्लेट, त्यात पत्रा सँडविचसारखा, आणि खालच्या प्लेटपासून चासीच्या ब्रॅकेटपर्यंत बुश टाकून जोड. भार चासीत जातो, हालचालही राहते. कष्टाचं काम आहे, आणि गाडीखालचं, त्यामुळे फोटोत दिसत नाही. लोक ते टाळतात याचं कारण माझ्या मते पैशापेक्षा हेच आहे.

मित्राचा युक्तिवाद ठरलेला होता: "काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

नाही. इथे माझं स्पष्ट मत आहे की नाही. शर्यतवाले पिंजऱ्यात हेल्मेट घालून, घट्ट पट्टे बांधून बसतात, आणि हेल्मेट लागेल तिथे पाइपला गादी लावणं त्यांना बंधनकारक असतं. आपण बसतो उघड्या डोक्याने. या थारमध्ये मागे समोरासमोर बाकडी आहेत आणि तिथे रविवारी मित्राची चार वर्षांची मुलगी बसते. पाइप तिच्या कानापासून चार बोटांवर होता. गाडी उलटायची गरजच नाही, एक कचकचीत ब्रेक पुरे. वर पिंजरा आहे म्हणून हा पठ्ठ्या चढावर आधीपेक्षा वेडेपणा करणार, ते वेगळंच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. चासीला ब्रॅकेट वेल्ड करून रोज ऑफिसला जायची गाडी त्यात सहज अडकू शकते. म्हणजे नीट लावलेला पिंजरा कायद्यात बसणं अवघड, आणि पत्र्यावर लावलेला निरुपयोगी. २०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये कंपनीनेच पिंजरा दिला, तो गाडीसोबत डिझाइन झालेला. जुनी गाडी असेल तर माझा सल्ला: खास ऑफरोडची, ट्रेलरवरून न्यायची गाडी असेल तर चासीपर्यंत जा. नाहीतर लावूच नका.

हे सगळं मी ऐटीत सांगत होतो तेवढ्यात शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातले काका आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे. वाकून बघितलं आणि म्हणाले, "दादा, ट्रॉली उचलायचा जॅक कोणी पत्र्यावर बसवतो का? पत्र्यानं माल धरायचा, भार चासीनं."

माझी पाच मिनिटं त्यांनी एका वाक्यात संपवली :)

मित्र गप्प. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग म्हणाला, "काका, काढायला किती घ्याल?" पाऊण तासात पिंजरा खाली उतरला. पाइप काकांकडेच ठेवले, गेटला वापरा म्हणून. मजल्याला मात्र बोल्टची भोकं राहिली, आणि माळशेजपर्यंत त्यातून उडणाऱ्या पाण्याने माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली.