चौथऱ्यावरचे नाव

अलिबागजवळच्या सासवण्यास विनायक पांडुरंग करमरकर या थोर शिल्पकाराचे घर आहे. आता ते शिल्पालय झाले आहे. त्यांनी घडविलेली कोळ्याची पोर ज्याने पाहिली, तो तिला विसरणार नाही. ती नमुन्याची कोळीण नव्हे. कुणा आईबापांची, हाकेला ओ देणारी मुलगी आहे. परंतु तिला हाक मारावी तरी कोणत्या नावाने? शिल्पाने तिचा धंदा सांगितला, नाव सांगितले नाही.

याच करमरकरांचा पुण्यातील १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घ्या. त्याला कुणी ‘घोडेस्वार’ म्हणेल काय?

हा दोष एकट्या करमरकरांचा नव्हे. म्हात्र्यांच्या १८९६ च्या सुमाराच्या लावण्यवतीस आपण ‘मंदिरपथगामिनी’ म्हणतो. शांतिनिकेतनात रामकिंकर बैजांनी १९३८ साली घडविलेले कुटुंब ‘संथाळ’ ठरले. मद्रासच्या समुद्रकिनारी देवीप्रसाद रायचौधरींचे १९५९ सालचे धोंडा हलविणारे चौघे ‘श्रमाचा विजय’ झाले. विजय श्रमाचा, श्रमणाऱ्याचा नव्हे!

आमचे रसिक म्हणतील, कलावंत व्यक्तीतून विश्वात्मकाकडे जातो. नावगाव त्याच्या आड येते. छान! मग हा न्याय पुढाऱ्यांस का नाही? चौकातल्या पुतळ्याखाली नुसते ‘पुढारी’ असे कोरून पाहा. सायंकाळपर्यंत मोर्चा येईल. विश्वात्मक होण्याचा मान फक्त गरिबाच्याच वाट्यास का यावा?

याचे कारण कलेत नाही, व्यवहारात आहे. ब्राँझचे ओतकाम खर्चाचे. थोरांसाठी समिती बसते, वर्गणी जमते, कोनशिलेवर देणगीदारांचीही नावे लागतात. कोळणीसाठी कुणी वर्गणी काढीत नाही. शिल्पकार तिला स्वतःच्या हौसेने, बहुधा प्लास्टरात किंवा सिमेंटात घडवितो. ज्याचे पैसे त्याचे नाव, हा बाजाराचा नियम आपण सौंदर्यशास्त्र म्हणून मिरवितो. कलाशाळेत तासन्‌तास निश्चल बसणारा मजूर देहाचा भार सोसतो, रोज घेतो आणि निघून जातो. त्याच्या खांद्यावरून उद्या एखादा वीर घडेल. खांदा त्याचा, कीर्ती वीराची.

वास्तववाद म्हणजे केवळ सुरकुत्या हुबेहूब उतरविणे नव्हे. ज्या माणसाची सुरकुती घेतली, त्याचे ऋण मान्य करणे हाही वास्तववादच होय. जी नावे गेली, ती गेली. पण आज जो तरुण शिल्पकार एखाद्या हमालास समोर बसवितो, त्याने माती भिजविण्यापूर्वी एवढे विचारावे, “बाबा, तुमचे नाव काय? चौथऱ्यावर कोरू का?”

तो ‘हो’ म्हणाला, तर छिन्नीस चार अक्षरे जड नाहीत.