ओव्हरटेक झाला, पण झुंज झाली का?

डीआरएस अखेर गेलं! 2026च्या नियमांत मागचा पंख उघडून पुढच्याला गाठायची ती सोय उरलेली नाही. फॉर्म्युला वनचे काही चाहते खूश आहेत, तर काही ‘आता काय बॅटरीची रेस बघायची?’ म्हणून वैतागलेत.

डीआरएस आलं 2011 मध्ये. त्याआधीच्या मोसमातली अबुधाबीची शेवटची रेस बघा. जगज्जेतेपदाच्या दारात असलेला फर्नांडो अलोन्सो व्हिताली पेत्रोव्हच्या मागे अडकला तो अडकलाच. टायटल गेलं सेबास्टियन व्हेटेलकडे. असल्या कोंडीवर उतारा सोपा होता : एका सेकंदाच्या आत पोचा, ठरलेल्या पट्ट्यात बटण दाबा, पुढे जा. ओव्हरटेक वाढले खरे. पण हायवेवर एखादी कार एसटीला मागे टाकते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो का?

याउलट 2005ची इमोलाची रेस. पुढे हाच अलोन्सो, मागे मायकेल शूमाकर. शेवटच्या लॅप्समध्ये शूमाकर जागा शोधतोय आणि हा पठ्ठ्या दरवेळी दार लावून घेतोय. शेवटी फरक 0.215 सेकंदांचा. शूमाकरला ओव्हरटेक काही जमला नाही, तरी लोक ती रेस अजून यूट्यूबवर बघतात. म्हणजे नियम ओव्हरटेक मोजून नाही, पाठलाग किती वेळ रंगतो त्यावरून जोखायला हवेत.

पाठलागातला खरा अडसर हवेचा. पुढची गाडी हवा घुसळून सोडते, मग मागच्या गाडीला ट्रॅकवर दाबून धरणारा डाउनफोर्स कमी पडतो, ती वळणात घसरते, टायर तापतात. फॉर्म्युला वनच्याच आकड्यांनुसार जुन्या गाड्या 20 मीटर मागे असताना 35 टक्के डाउनफोर्स गमवायच्या. 2022च्या नव्या रचनेत हे नुकसान 4 टक्क्यांवर येईल, असं सांगितलं गेलं. सुरुवात बरी झाली. मग इंजिनिअर्सनी नियमांतल्या फटी शोधल्या आणि 2025 येईपर्यंत पाठलाग पुन्हा जड झाला. त्यांना तरी काय बोलणार? पगार आपली गाडी पळवायचा मिळतो, मागच्याची सोय बघायचा नाही!

नवी गाडी 20 सेंटीमीटरनं आखूड, 10नं अरुंद. सरळ पट्ट्यात पंख आता सगळ्यांनाच चपटे करता येतात. इलेक्ट्रिक मोटर 120 वरून थेट 350 किलोवॅटची. मूळ आराखड्यानुसार ताशी 290 किलोमीटरनंतर पुढच्याची विजेची ताकद घटत जाते, तर सेकंदाच्या आत असलेल्या मागच्याला ती 337 पर्यंत पूर्ण मिळते.

डीआरएसचंच धाकटं भावंड वाटतं ना? पण उघडलेला पंख फुकट होता, बॅटरी नाही. इथे उधळली तर पुढच्या पट्ट्यात खडखडाट, आणि राखून ठेवणारा उलटा वार करणार. हा डाव मला तरी जास्त आवडतो. मात्र एकाची बॅटरी भरलेली आणि दुसऱ्याची रिकामी असेल, तर पुन्हा तोच हायवे आणि तीच एसटी.

मोनॅकोत मात्र यातलं फारसं काही चालेल असं वाटत नाही. 2024 मध्ये तिथे पहिले दहा ज्या क्रमानं सुटले, त्याच क्रमानं पोचले. 2025 मध्ये टायर बदलायला दोनदा थांबणं सक्तीचं केलं, तर काही टीम्सनी आपलीच एक गाडी मुद्दाम हळू चालवून मागच्यांना रोखलं. आता गाडी 10 सेंटीमीटरनं अरुंद झालीय. गल्ल्या होत्या तेवढ्याच आहेत.