ग्रुपवर टाकलं होतं ना, मग कळलं कसं नाही?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या खानदेशातलंच एक तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत. मे महिना, पाणी चार दिवसांआड. एका गल्लीत जुलाब-उलट्यांचे पेशंट निघाले. आधी दोन, मग आठ, मग ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. तिसऱ्या दिवशी कारण सापडलं. गटारीतून गेलेली पाण्याची जुनी लाईन फुटलेली होती.

पाणी चालू असतं तेव्हा पाईपात दाब असतो, त्यामुळे फटीतून पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि त्याच फटीतून गटारीचं पाणी आत शिरतं. चार दिवसांनी नळ सुटला की पहिल्या हंड्यात काय येत असेल, तुम्हीच समजून घ्या.

सुदैवाने कुणी दगावलं नाही. एक आजी मात्र आठ दिवस सलाईनवर होत्या.

मी बातमी केली. हेडिंग दिलं, 'कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाचा नागरिकांना फटका'. बातमी गाजली. दुसऱ्या दिवशी त्या भागाच्या व्हॉल्व्हमनला कारणे दाखवा नोटीस निघाली. मला वाटलं, चला, पत्रकारितेचा इम्पॅक्ट झाला.

महिनाभराने तोच व्हॉल्व्हमन बसस्टँडजवळच्या टपरीवर भेटला. मी जरा अवघडलो. त्यानेच चहा सांगितला. म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? ते लिकेज मला तीन आठवडे आधीपासून माहीत होतं."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?"

त्याने खिशातून मोबाईल काढला. विभागाचा अधिकृत व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि वर वर सरकवत वर्षभरापूर्वीच्या एका मेसेजवर थांबला. दुसऱ्या एका गल्लीतल्या गळतीचा फोटो त्याने टाकला होता. खाली साहेबांचं उत्तर होतं, "फोटो काढायचा पगार देतो का आपण? आधी दुरुस्त करा, मग फोटो टाका." त्याखाली तिघांनी अंगठे दिलेले. एकाने हसण्याची स्मायली.

आता गंमत बघा. दुरुस्तीला लागणारा जोड त्याच्याकडे नाही. जेसीबी बोलवायचा अधिकार त्याला नाही. रस्ता खोदायची परवानगी त्याने कुणाकडे मागायची, हेही त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या हातात होती फक्त माहिती. तीच त्याने दिली आणि सगळ्या विभागासमोर त्याचं हसं झालं.

"तेव्हाच ठरवलं भाऊ," तो म्हणाला. "आपण व्हॉल्व्ह फिरवायचा आणि घरी जायचं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आज जे लिहितोय ते त्या वाक्याबद्दल आहे. कारण त्या आजीला सलाईन लागली ती पाईप फुटल्यामुळे, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की ज्याला माहीत होतं त्याने बोलणं सोडलं होतं. आणि ते त्याला सोडायला लावलं होतं.

तुमच्या ऑफिसचा ग्रुप डोळ्यांसमोर आणा. नगरपालिका असो, शाळा असो, पंचायत समिती, बँक, पतसंस्था, सूतगिरणी, काहीही असो. रात्री साडेदहाला मेसेज येतो, "सोबतच्या नमुन्यातील माहिती उद्या सकाळी १० पर्यंत सादर करावी, अन्यथा संबंधितांवर कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल." खाली रांग लागते. ओके सर. नोटेड सर. हात जोडलेले. साहेबांना वाटतं, निरोप पोचला, काम झालं. दोन महिन्यांनी काही बिघडलं की ठरलेला डायलॉग, "ग्रुपवर टाकलं होतं ना? मग कळलं कसं नाही?"

अहो, पूर्वी गावात दवंडी द्यायचे. तो दवंडीवाला चौकात हलगी वाजवायचा, काय ते ओरडून सांगायचा आणि क्षणभर थांबायचा. एखादी म्हातारी ओट्यावरून विचारायची, "कधी रे बाबा? आणि आमच्या गल्लीचं काय?" तो तिला उत्तर द्यायचा. दवंडीत सुद्धा उलट विचारायची सोय होती. ग्रुपमध्ये ती उरलेली नाही. तिथे प्रश्न विचारणारा म्हणजे आगाऊ.

आता म्हणाल, पत्रकार दुसऱ्याला शिकवतोय. म्हणून आधी आमच्याच धंद्याचं सांगतो.

मी डिप्लोमा करून आलो आणि तालुका प्रतिनिधी म्हणून लागलो. पुढे एका ठिकाणी आमचाही ग्रुप झाला. रोज सकाळी सात वाजता शेजारच्या पेपरच्या कात्रणांचे फोटो पडायचे आणि खाली एकच ओळ, "ही आपल्याकडे का नाही?" माझं नाव लिहून, चाळीस जणांसमोर. परिणाम काय झाला? मी हरण्याची शक्यता असलेल्या बातम्या मागे लागून करायचंच सोडून दिलं. प्रेसनोट आली की टाकायची. उद्घाटन, सत्कार, जयंती, निवड. कुणी काही बोलायचं कारणच नाही. पगार तोच, मनस्ताप कमी.

त्याआधी दुसऱ्या पेपरात असताना एक वृत्तसंपादक होते. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन यायचा. "कापसाच्या मापातल्या घोळाची बातमी छान होती रे. फक्त शेतकऱ्याचं वाक्य खाली गाडलंस, ते वर घ्यायला पाहिजे होतं." चूक सांगायचे, पण एकट्याला. कौतुक मात्र जिल्ह्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर. त्यांच्यासाठी मी पावसात मोटारसायकलवर तीस किलोमीटर गेलोय, कुणी सांगितलेलं नसताना. मी तोच, बातम्याही त्याच तालुक्याच्या. बदलला होता तो फक्त विचारणारा माणूस.

"सरकारी माणसं दंडुक्याशिवाय हलत नाहीत," हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. त्यावर आपल्याला जवळचं एक उदाहरण सांगतो. सुरत.

आपल्या ताप्ती लाईनवरच्या प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी सुरतेला आहे. उधना, लिंबायत म्हणजे अर्धं खानदेशच. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये तिथे प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गल्लीत दोन कुटुंबं परत आली होती. त्यांच्या घरी पाणी प्यायला लोक बिचकायचे, हे आजही आठवतं.

१९९५ मध्ये तिथे एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. शहर तेच, महापालिका तीच, कर्मचारीही बहुतांश तेच. त्यांनी शहराचे सहा झोन केले आणि झोनच्या प्रमुखाला आयुक्ताचे बरेचसे अधिकार देऊन टाकले, म्हणजे छोट्या कामासाठी फाईल वरपर्यंत फिरायला नको. अधिकाऱ्यांनी सकाळी ऑफिसात न बसता गल्लीत जायचं, स्वतः आयुक्तांनी सुद्धा. दुपारी सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि सकाळी काय दिसलं, काय अडलं, ते बोलायचं. अडलेल्याचा निर्णय तिथेच. या पद्धतीला नाव पडलं होतं 'एसी टू डीसी', म्हणजे एअर कंडिशनर सोडा आणि डेली चोअर्स, रोजच्या कामाला भिडा. प्लेगचं शहर दोन-अडीच वर्षांत देशात स्वच्छतेसाठी ओळखलं जाऊ लागलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत या दोघांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. त्याची मुळं त्या काळात आहेत.

आता राव काही गोडबोले अधिकारी नव्हते. अतिक्रमणं पाडताना बड्या लोकांनाही त्यांनी सोडलं नाही. म्हणजे मुद्दा गोड बोलण्याचा नाहीच. साहेब रोज सकाळी झाडणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो तेव्हा "गाडी आली नाही" ही तक्रार राहत नाही, दोघांनाही दिसणारी गोष्ट होते. मग खोटं बोलायचं कारण उरत नाही आणि गप्प बसायचंही.

कारखान्यात काम करणाऱ्या पोरांना अजून एक गोष्ट माहीत असेल. जपानच्या टोयोटाने आपल्या लाईनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी ठेवली. कामात दोष दिसला की ओढायची. लीडर मदतीला धावत येतो आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर लाईन थांबते. विचार करा, अख्खी लाईन थांबवायचा हक्क साध्या कामगाराला! दोरी ओढणाऱ्याला तिथे "काम थांबवलंस का" म्हणून झापलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून त्या दोरीला कुणी हात लावला असता का?

आपल्या व्हॉल्व्हमनने दोरीच ओढली होती. आपण त्याच्या हातावर मारलं.

म्हणून जे साहेब, मुख्याध्यापक, मॅनेजर, मुकादम ही पोस्ट वाचत असतील, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला तुमचा पहिला शब्द कोणता असतो, तो तपासा. "बरं झालं सांगितलंस" एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत. झापायचं असेल तर केबिनमध्ये, दार लावून. कौतुक करायचं असेल तर सगळ्यांसमोर, आणि नेमकं. "सर्वांचे अभिनंदन" म्हणजे कुणाचंच अभिनंदन नाही. "काल रात्री दोन वाजता अमुक गल्लीतला व्हॉल्व्ह तमुकने बंद केला, म्हणून टाकी वाचली," असं लिहा. तो माणूस ते घरी बायकोला दाखवेल.

शिक्षा नकोच का? पाहिजे. पण जो सांगतो त्याला आणि जो लपवतो त्याला एकाच नोटिशीत बसवू नका. सांगणाऱ्याला वाचवा, लपवणाऱ्याला धरा. हा फरक खालच्या माणसाला एकदा दिसला की बाकीचं तो स्वतः करतो.

आणि हो, काम सांगताना कारणही सांगा. "क्लोरीन रोज तपासून नोंद ठेवा" हा हुकूम झाला. "गेल्या वर्षी त्या गल्लीत पेशंट निघाले, ओटी टेस्टला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं पोरंबाळं वाचवतात," हे कारण झालं. हुकुमाने रजिस्टर भरतं. घरी बसून महिन्याचं एकदम भरतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळ्यात महत्त्वाचं आता. एका ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं होतं. बाहेरगावचे वक्ते, शाल, श्रीफळ, बुके. विषय 'कामातला आनंद'. मागच्या रांगेत कंत्राटी सफाई कामगार बसलेले. दोन महिन्यांचा पगार थकलेला, हातमोजे फाटलेले. टाळ्या वाजवा म्हटलं की वाजवत होते. बाहेर आल्यावर एक ताई मला म्हणाल्या, "भाऊ, बोलला चांगलं. पण किराणावाला ऐकेल का हे?" पगार वेळेवर, हातात मोजे, पायात गमबूट. हे दिल्याशिवाय प्रेरणेच्या गोष्टी करणं ही चेष्टा आहे.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. गटार तुंबली की आपण सफाई कामगाराचा व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकतो, कारण तो समोर सापडतो. गटार निघाली की त्याचा फोटो कुणी टाकत नाही. मी तरी कुठे टाकला? माझं ते हेडिंग आठवा. ज्याच्याकडे फक्त माहिती होती त्याला मी गुन्हेगार केलं, आणि ती माहिती वर का पोचली नाही, हा खरा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याची माफी मी त्याच टपरीवर मागितली. छापून मात्र मागितली नव्हती. ती आज इथे मागतो.

पुढे तिथे एक नवीन इंजिनीअर आले. तरुण पोरगा. पहिल्या आठवड्यात तो या व्हॉल्व्हमनच्या मोटारसायकलवर मागे बसून सगळी लाईन फिरला. हातात वही. "काका, कुठे कुठे गळतंय?" काकांनी अकरा ठिकाणं दाखवली. एकाही गळतीची ऑफिसात नोंद नव्हती. सगळ्या लगेच निघाल्या नाहीत, निधी कुठाय? पण त्या आठवड्यात दोन निघाल्या. बाकीच्या नऊ कधी निघतील आणि का थांबल्यात, तेही त्याने काकांना येऊन सांगितलं. काका आता रात्री-अपरात्री फोन करतात म्हणे त्याला. तो उचलतो.

जाता जाता एक काम सांगतो. आपल्या ऑफिसचा ग्रुप उघडा आणि वर सरकवत जा. हाताखालच्या कुणी "सर, इथे अडचण आहे" असं शेवटचं कधी लिहिलं होतं, ते शोधा. आणि त्याखाली काय उत्तर गेलं होतं, तेही वाचा.

सहा महिन्यांत असा एकही मेसेज सापडला नाही, तर अडचणी संपल्यात असं समजू नका. सांगणारे गप्प झालेत.

काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा. नावं टाकू नका, अनुभव टाका.