संमतीची सही फुकट देऊ नका!



लेबर कोर्टाची पहिली तारीख. कंपनीचा वकील वकीलपत्र पुढे सरकवतो, आपला माणूस भिंतीला टेकून उभा. कुणीतरी कानाशी येऊन सांगतो, "कर सही, इथली पद्धतच आहे."

कसली पद्धत? नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 चे कलम 36 वाचा. तुमची बाजू तुमच्या नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी किंवा कार्यकारिणी सदस्य मांडू शकतो. तुम्ही कुठल्याच युनियनमध्ये नसाल, तर त्याच उद्योगातल्या दुसऱ्या कामगाराला तसा लेखी अधिकार देता येतो. समेटाच्या बोलणीत वकिलाला मज्जाव आहे. लेबर कोर्टात वकील उभा राहायचा, तर समोरच्या पक्षाची संमती हवी आणि वर कोर्टाची परवानगी. त्याची जागा घेतलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ट्रायब्युनलपुढे हीच अट ठेवली आहे. थोडक्यात, मालकाच्या वकिलाला आत यायला तुमचा होकार लागतो. असे किती दरवाजे तुमच्या हातात आहेत?

मालकांना मागचा दरवाजाही ठाऊक आहे. 1976 मध्ये पारादीप पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवले की मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी वकील असला, तर त्याला संमती लागत नाही. आणि त्याला पदावर कोणत्या हेतूने बसवले, हे ट्रायब्युनलने विचारायचे नाही. सवलत आमच्या वकील पदाधिकाऱ्यालाही तेवढीच, हे कबूल. पण असे पदाधिकारी उभे करायला तिजोरी कुणाची मोठी?

आमचे वकिलांशी वैर नाही. कामगारांसाठी आयुष्य वेचलेले वकील महाराष्ट्राने पाहिलेत. तुम्हालाही वकील हवा असेल, तर आधी कंपनीची संमती लेखी घ्या, मगच तुमची द्या. फुकट मात्र नको. आणि गप्प तर मुळीच बसू नका: वेळेवर हरकत घेतली नाही तर ती मूक संमती, असे हायकोर्टांनी धरलेले आहे.

खात्यांतर्गत चौकशीतही असेच गप्प बसू नका. "तुमच्या युनियनला मान्यता नाही" म्हणून एच. आर.वाले प्रतिनिधीला दारातूनच परत पाठवतात. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता कायद्याने मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदासाठी चौकशीत हजर राहण्याचा हक्क दिलेला आहे. कलम 22. पाठ करा.

कंपनीचे वकीलपत्र आले की त्याच तारखेला, कैफियत दाखल होण्याआधी, लेखी हरकत द्या आणि रोजनाम्यात तिची नोंद करून घ्या. अर्जाचा मराठी नमुना युनियनच्या ऑफिसात ठेवला आहे; पाळी सुटल्यावर या, भरून देऊ.